सर्व्हरप्रमाणे वेळ

बुधवार, ३० जुलै. ९.३५
काल नागपंचमी, कारखाना बंद. परवा जाताना कुणीतरी मेन स्विच पाडला, सर्व्हरचं घड्याळ बिघडलं. मी हाताने लावलं. सर्व्हरला इंटरनेट नाही आणि त्या खोलीत मोबाइल न्यायचा नाही, हे दोन्ही नियम माझेच. म्हणून काचेतून शॉपमधलं भिंतीवरचं घड्याळ पाहून लावलं, सेकंदासकट. कारखान्याची संगणक प्रणाली बसवायला साताऱ्याहून कुपवाडला येऊन दोन महिने झाले. इथे आता एक तरी घड्याळ अचूक आहे. यापुढे या वहीतल्या वेळा त्यावरूनच.

१२.४०
लॉगिन होत नाही. कोड लागणारी माणसं दोनच: डिस्पॅचची परवीन आणि स्टोअरचे मौलाचाचा. मोबाइलवरचा, दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा सहा आकडी कोड टाकला की 'अवैध'. चाचा चष्मा शोधतात, त्यांना सोडून देऊ. माझं लॉगिन होतं. (ॲडमिनला कोड लागत नाही.) म्हणजे सर्व्हरमध्ये दोष नाही. परवीन कोड सावकाश टाकते.

गुरुवार, ३१ जुलै. ९.२०
परवीन ९.०८ ला आली. काल ९.०७. ती म्हणते, आठ अठ्ठावन्नलाच आले, मोबाइल बघा. पाहिला नाही. उशिरा येणारा प्रत्येक जण मोबाइल दाखवतो.
मीही ९.०५ ला पोहोचले. घरून वेळेवर निघाले होते. स्कूटरची सर्व्हिसिंग करायला हवी.

४.१५
मालाची गाडी दोन तास गेटवर. लॉगिनशिवाय चलन निघेना. मालक नानासो म्हणाले, सोमवारपर्यंत लागलं तर ठीक, नाहीतर पुन्हा रजिस्टर. माझं कंत्राट सहा तारखेला संपतं, हेही त्यांच्या लक्षात आहे.
मौलाचाचा जाता जाता म्हणाले, "ताई, त्या भिंतीवरच्या घड्याळावर जाऊ नगा." मी म्हटलं, मी सर्व्हरवर जाते. ते म्हणाले, बरं.

शुक्रवार, १ ऑगस्ट. ५.००
परवीनला शेजारी बसवून शिकवलं. कोड पाच सेकंदांत टाकला. अवैध. घाई करते. तिची मुलगी पाचवीत आहे, हे तिने कारण नसताना सांगितलं.
संकल्प: उद्या लेखी अहवाल. त्यात भावना नसतील.

शनिवार, २ ऑगस्ट. ११.१०
अहवाल दिला. एक पान. कारण: वापरकर्ता. वेळेची शिस्त नाही, तीनपैकी तीन दिवस उशीर. शिफारस: बदल. नानासोंनी दोनदा वाचला. परवीनला सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. तिने ड्रॉवरची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. 

सोमवार, ४ ऑगस्ट. १०.००
नवी मुलगी, क्रांती. बीसीए. ९.०६ ला आली. पहिल्याच दिवशी. कोड अकरा वेळा अवैध. हल्ली माणसंच मिळत नाहीत.

मंगळवार, ५ ऑगस्ट. १०.२५
उशिरा येणाऱ्यांचा पगार कापा, असं नानासोंना सुचवलं. त्यांनी चहा खाली ठेवला. "आवं मॅडम, ते घड्याळ धा मिन्टं पुढं हाय. आमच्या आबांनी तसंच लावलंय, मान्सं येळेवर यावीत म्हनून. सगळ्यांना ठावं हाय."
मोबाइल घेऊन सर्व्हरच्या खोलीत गेले. दहा मिनिटं. पूर्ण दहा. मोबाइल आणि सर्व्हर यांची वेळ जुळली तरच कोड लागतो.
दुरुस्त केलं. क्रांतीचा कोड पहिल्या झटक्यात लागला. चाचांचाही, चष्म्याशिवाय.
नानासो म्हणाले, "बघा, मानूस बदललं आन् लागलं." मी मान हलवली. सविस्तर खुलासा लेखी देणार. आजच.

बुधवार, ६ ऑगस्ट. ८.५५
वेळेवर पोहोचले. स्कूटरला काही झालेलं नाही.

११.३०
कंत्राट एक वर्ष वाढलं. खुलाशाचा मसुदा तयार आहे, पण सहीच्या वेळी तो पुढे करणं बरं दिसलं नसतं. पुढच्या आठवड्यात.

१.१५
मौलाचाचा दारात उभे राहिले. "ताई, परवीन रोज दोन मिन्टं आधी येत हुती, व्हय?"
मी म्हटलं, रेकॉर्ड बघावं लागेल.
रेकॉर्ड म्हणजे ही वही.