बारा पंचकोन

सर, उंब्रजच्या शाळेत मी तुमच्यावर हसले, ते अजून मनातून जात नाही.

सांगलीला एम.एस्सी. करत होते मी. कार्बनच्या एका नव्या रूपाच्या शोधाला त्या वर्षी नोबेल मिळालं आणि दहावीच्या पोरांना ते समजावून सांगायला तुम्ही मला मुद्दाम बोलावलंत. कार्बनची स्फटिकरूपं दोनच, हिरा आणि ग्रॅफाइट, हे आम्हाला शिकवलेलं तुम्हीच. मी फळ्यावर षटकोनाला षटकोन जोडत गेले आणि म्हणाले, साठ अणूंचा असा पोकळ गोळा होतो, फुटबॉलसारखा. तुम्ही शेवटच्या बाकावर पोरांत अवघडून बसला आहात. हात वर करता. "पोरी, नुसतं षटकोन जोडलं तर फरशीगत सपाटच ऱ्हानार. मग गोल कसं व्हतंय?" मला उत्तर येत नव्हतं. "सर, तुमचं पुस्तक जुनं झालं आता," मी म्हणाले. पोरं खो-खो हसली, मीही हसले. तुम्ही नुसती मान डोलावलीत, उठून फळा पुसलात आणि मला चहा पाजून एसटीत बसवून दिलंत.

दुसऱ्याच दिवशी मी ग्रंथालयात शोधलं. वीस षटकोनांच्या मध्ये बारा पंचकोन असतात, त्यांच्यामुळेच षटकोनांचा तो सपाट पत्रा वाकतो आणि गोळा मिटतो. सगळी मेख तुम्ही विचारलेल्या जागीच होती. आठवड्याभरात तुमचं आंतर्देशीय आलं: "पुठ्ठ्याचे षटकोन कापून जोडतो आहे. जुळत नाहीत. तुला उलगडलं तर कळव." एक ओळ पुरली असती. पण ती लिहायची म्हणजे फळ्यावर मीच चुकले होते, हे कबूल करायचं. आधी परीक्षा आली, मग प्रॅक्टिकल, मग नोकरी. आणि मग तुम्ही गेल्याचं कळलं.

पाटणला तुमच्या घरी गेले, तेव्हा काकूंनी कपाटावरून पुठ्ठ्याचा गोळा काढला. डिंकाचे डाग पडलेला, पण नीट मिटलेला. "मदी पाचकोनी तुकडं घातलं, तवा जुळलं बघ. लय खूश झालं हुतं. म्हनलं, पोरीला अजून उलगडलं नसंल, म्हनून तिचं पत्र न्हाई. आली की दावू तिला." जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुला ठावं हुतं का गं?"

"नाही, काकू," मी म्हणाले.

त्यांनी तो गोळा माझ्या हातात दिला आणि तुम्ही सांगितलं असतं तसं, एकेका तुकड्यावर बोट ठेवून, मला समजावून सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं.

काकू अजून पाटणलाच असतात. तुम्हाला नाही, पण त्यांना हे पत्र पाठवता येईल. मी पाकीट आणलेलं नाही.