हात वर का जात नाही

प्रिय निकेश,

हे फोनवर बोलले असते, पण आपल्या दोन खोल्यांत प्रांजलला ऐकू गेल्याशिवाय राहत नाही. तुझ्यासोबतचा हरेश सुट्टी संपवून उद्या मस्कतला परत निघालाय, त्याच्या हाती चिठ्ठी देतेय.

तू रोज तिला विचारतोस, हात कुठवर गेला? ती म्हणते, बराय. बरा नाही रे. खांद्याचं ऑपरेशन चांगलं झालंय, डॉक्टरही तसंच म्हणाले. पण स्कूटरवरून पडायच्या आधी खारघरच्या शाळेत मुलींना व्हॉलीबॉल शिकवणारी, अख्खं मैदान दणाणून सोडणारी तुझी बायको आता भिंतीकडे तोंड करून पडून असते. कालवण पुढ्यात गार होतं. व्यायामाचं नाव काढलं की डोळे मिटून घेते. मला वाटलं, कंटाळा करते. चार शब्द बोललेसुद्धा.

मग व्यायाम घेणाऱ्या अंकिताताईंनी मला बाजूला बोलावलं. "काकू, वहिनी झोपतात का? नीट जेवतात का? मन असं खचलं की दुखणं जास्त जाणवतं, व्यायाम होत नाही आणि खांदा आखडत जातो. त्यांना आळशी म्हणू नका. मनाच्या डॉक्टरांना दाखवा."

परवा उरण नाक्यावरून मासळी घेऊन आले, तर न्हाणीघराला आतून कडी. हाका मारल्या, दार बडवलं, आतून आवाज नाही. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहवत नाही. शेवटी तिने कडी काढली आणि पुन्हा खाली बसली. केस ओले, फणी जमिनीवर. म्हणाली, "आई, हात दुखतो म्हनून नाय. मला काय करावासाच वाटत नाय. मी नसले तरी चालंल तुमचं." मी ओल्या लादीवरच बसले, तिला जवळ घेतलं. तेव्हापासून एकटं सोडत नाही. तिने दार नुसतं लोटलं तरी माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

सोमवारी त्या डॉक्टरांकडे जायचंय. ती तयार झाली, पण म्हणाली, "यांना सांगू नका. वेडी बायको कोन ठेवंल?" मी हो म्हटलं, आणि तरी तुला लिहितेय. तिला सगळ्यात मोठी भीती तुझी आहे, ती माझ्याने जाणार नाही. सुट्टी मिळाली तर ये. नाही मिळाली तर रविवारी फोन करशील तेव्हा हाताचं काही विचारू नकोस. सोमवारी फोनवर का होईना, मी तुझ्यासोबत आहे, एवढं तिला सांग. मी सांगितलं म्हणून माझ्यावर रागावेल. रागावू दे. निदान रागावेल तरी.

तुझीच, आणि तिचीही,
आई