सहाव्या मजल्यावरची म्हातारी

सोमवार, ३ फेब्रुवारी
लेकीच्या शाळेतून संगीताच्या बाईंचा फोन. आठवीच्या मुलांना ऑपेराची ओळख करून द्यायची आहे, वर्कशॉप घ्याल का? शेवटी शाळेला माझी किंमत कळली. (आधी दोघांना विचारून झालं होतं, असं ही म्हणते. हिला काय कळतंय.) इतकी वर्षं कोरसच्या तिसऱ्या रांगेत उभा राहून गायलो, ते फुकट जाणार नव्हतंच. संकल्प: मुलांकडून माझाच ऑपेरा बसवून घ्यायचा. ‘राजाचा अंत’. कपाटात तयार आहे.
लेकीला सांगितलं. तिने दोनदा विचारलं, नक्की तूच येणार का? आनंद लपवता येत नाही पोरीला.

बुधवार, ५ फेब्रुवारी
राजाचं मरतानाचं गाणं पूर्ण आवाजात म्हणून दाखवलं. मागच्या बाकावरच्या मुलीने कानांवर हात ठेवले. कसलेल्या आवाजाचा असा परिणाम होतो. बाई म्हणाल्या, आता मुलांना काही करू द्या. गोष्ट त्यांची, चाली त्यांच्या, पुठ्ठ्याचा सेटही त्यांचाच, असं म्हणे आधीच ठरलंय.
मुलांची गोष्ट: बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली आहे आणि सहाव्या मजल्यावर एक म्हातारी एकटी अडकली आहे. कोणी मरत नाही. तलवार नाही. याला ऑपेरा म्हणायचं?

सोमवार, १० फेब्रुवारी
म्हातारीला निदान राणी करा, असं सुचवलं. मतदान झालं. माझ्या बाजूने एक हात. माझाच. लेक तटस्थ राहिली. घरच्या माणसाने तसंच वागायला हवं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
म्हातारीचं काम लेकीला मिळालं! रक्तात आहे. ती दार लावून प्रॅक्टिस करते, मी बाहेरून सूचना देतो. श्वास पोटातून घे, ‘आ’ उघडा ठेव वगैरे. आज प्रॅक्टिसला मैत्रिणीकडे गेली. तिथे खोली मोठी आहे.
बाई म्हणाल्या, आता तालमी आमच्या आम्ही करू, तुम्ही आराम करा. काळजी करतात बिचाऱ्या.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
प्रयोग. हॉल भरलेला. मी विंगेत. लेक खुर्चीत बसून गात होती, कोणी येतंय का वर, कोणी येतंय का. आणि मध्येच थांबली. एक सूर नाही. सगळा हॉल गप्प. पोर विसरली! बापाला कसं बघवेल? सरळ स्टेजवर गेलो, तिचा सूर उचलला आणि पूर्ण आवाजात गाणं शेवटाला नेलं. लोक हसायला लागले. सुटका झाली की माणसं हसतात.
घरी येताना ती आईबरोबर पुढे चालत होती. घरी आल्यावर म्हटलं, घाबरायचं नाही, मी आहे ना.
ती म्हणाली, “बाबा, मी विसरले नव्हते. म्हातारी जिन्यात पावलं वाजतात का ते ऐकत असते. म्हणून गप्प असते.”
मी म्हटलं, मला कोणीतरी सांगायला नको?
“तुला कोणी काही सांगू शकतं का?”
आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

शनिवार, १ मार्च
मूळ मुद्दा असा, की ऑपेरात एवढा वेळ शांतता नसते. खात्री करायला जुनी पुस्तकं काढली. असते. हे कोणाला सांगायची गरज नाही.
बाईंना फोन केला. उचलला नाही. वर्गात असतील. (आज सुट्टी आहे, ही म्हणाली.)

शुक्रवार, ७ मार्च
मुलांना परत प्रयोग करायला मिळाला. मला सर्दी आहे म्हणून गेलो नाही. सकाळपर्यंत नव्हती. ही निघताना चपला घालता घालता म्हणाली, ती म्हणतेय बाबाला आणू नकोस. म्हटलं, मी तरी कुठे येणार होतो.
संध्याकाळी जिन्यातून दोघींचं हसणं ऐकू आलं. दार उघडलं. लेकीच्या केसांत म्हातारीची पांढरी पावडर होती. मला बघून तिचं हसू थांबलं.
विचारलं, कसं झालं?
छान, म्हणाली.
आणखी काही सांगेल म्हणून मी दारातच उभा राहिलो. ती बाजूने आत गेली, बाथरूमची कडी लावली. नळ बराच वेळ चालू होता.