नातीने रात्री घरीच झोपावे म्हणून

मी, या गावातली शिवणकामवाली, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छाती तेवढी धडधडते, पण ती सोमवारच्या काळजीने.

१. घर व शिवणयंत्र थोरल्या लेकीला. ती गावच्या शाळेत शिकली, अठराव्या वर्षी आपल्या मर्जीने शहरात गेली, नर्स झाली आणि आपल्याच मर्जीने परत आली. भांडते फार, पण हक्काने भांडते.

२. कपाट धाकट्याला. शाळा बंद झाली तेव्हा तो आठ वर्षांचा होता, हॉस्टेलवर धाडावा लागला. त्याच्या गणवेशाला मी मुद्दाम मोठी दुमड ठेवायचे, उसवून घ्यायला तरी घरी येईल म्हणून. यायचा, पण पाहुण्यासारखा. आता परदेशात असतो. आला की अजून विचारतो, "आई, कपाट उघडू का?" बाळा, न विचारता उघड.

३. शेजारच्या पोल्ट्रीवाल्याला माझी शिडीसुद्धा देऊ नये. पट कमी पडत असताना त्याने आपली मुले काढून शहरात घातली आणि शाळेला टाळे लागले. आता टाळे त्याच्याच घराला आहे, आणि फोनवर म्हणतो, "काकू, छप्पर गळतंय का बघता जरा?" गळतंय.

४. पोस्टातली शिल्लक जीपवाल्याला, महिन्याच्या महिन्याला. त्याने नातीला, थोरलीच्या मुलीला, रोज घाटाखालच्या शाळेत न्यावे आणि संध्याकाळी घरी आणावे. शाळा संपेपर्यंत तिने आपल्याच अंथरुणात झोपावे. पुढे जगाच्या पाठीवर कुठेही जावे, मी अडवणारी कोण?

थोरली म्हणते, "आई, घाटात जीप उलटली तर? हॉस्टेलवर निदान जिवाला धोका नाही." तिची भीती खोटी नाही, त्या भीतीने माझाही डोळा लागत नाही. पण काल सहा वर्षांची पोर माठाजवळ उभी राहून म्हणाली, "आजी, पाणी पिऊ का?" आईने आतापासूनच हॉस्टेलची सवय लावायला घेतली आहे.

५. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते. हॉस्टेलचा प्रवेश सोमवारी आहे, आणि मला जायची तेवढी घाई नाही. म्हणून हे आज जेवताना सर्वांसमक्ष मोठ्याने वाचेन. थोरलीला नाही म्हणायचे असेल तर तिने माझ्या तोंडावर म्हणावे. मेल्यावर मला ऐकू येणार नाही.

साक्षीदार: औषधवाले, पोस्टमन. (जीपवाल्याला घेतले नाही. ज्याला मिळायचे त्याची सही चालत नाही म्हणे.)

सही: शिवणकामवाली, थोरलीची व धाकट्याची आई
स्थळ: शिवणयंत्राजवळची खिडकी
दिनांक: प्रवेशाआधीचा शुक्रवार