धागा तुटला तिथून

प्रिय चिमे,

आईच्या शिलाई मशीनची खडखड तुला अजून ऐकू येते का? मला हल्ली रोज येते. आधी पायाखालच्या पट्टीची कुरकुर, मग सुईची टकटक, आणि त्या ठेक्यावर आपण तिघं भावंडं पाळीपाळीने शाळेतली कविता म्हणतोय. धागा तुटला की म्हणणाऱ्याने तिथल्या तिथे थांबायचं, तोंड उघडं असलं तर उघडंच ठेवून. आई धागा ओवेपर्यंत हूं की चूं नाही. मग त्याच अक्षरापासून पुढे. तू मधेच फिदीफिदी हसायचीस आणि आई सगळी कविता पहिल्यापासून म्हणायला लावायची. खोडी तुझी, घसा मात्र थोरल्याचा बसायचा.

हे आज उगाच नाही आठवलं. आमच्या वाचनालयातल्या बाईंनी खिडकीशी एक फळी वेगळी केली आहे, लेखकांनी पदरमोड करून स्वतःच छापलेल्या पुस्तकांची. नाव कुणी ऐकलेलं नाही, मुखपृष्ठ बहुधा भाच्याने काढलेलं. बाई म्हणतात, काका, नावाजलेल्यांकडे सगळेच जातात, ह्यांची चौकशी निदान तुम्ही तरी करा. मी करतो. काही पुस्तकं पाचव्या पानावरच जांभई देतात, खोटं कशाला बोलू. पण विहिरी खणणाऱ्या एकाच्या कवितांनी माझी दुपारची झोप पार उडवली. असं काही हाती लागलं की शेवटच्या पानावरच्या पत्त्यावर मी दोन ओळी कळवतो.

मागे तिथेच एक बारकंसं पुस्तक सापडलं. लेखकाचं नाव नुसतं 'उसवण'. त्यातल्या एका गोष्टीत मशीन आहे, ठेका आहे, तोंड उघडं ठेवून थांबलेली मुलं आहेत. आणि गोष्ट संपते आपल्याच कवितेवर: 'सांज उतरली छपरांवरती, दिवा कुणी हा...' बस्स. पुढचं पान कोरं. मला वाटलं, छापताना काही गळलं. बाईंनी दुसरी प्रत काढली, तीही तशीच.

म्हणून तर त्या दिवशी फोनवर तुला विचारलं, तू चोरून काही लिहितेस का? तू म्हणालीस, दूधवाल्याला चिठ्ठी लिहिताना मी दोनदा खोडते, मी कसली लेखिका. मग उरलं कोण, चिमे? आई गेल्यावर बाबांनी मशीन विकलं आणि थोरला त्याच दिवशी जो बाहेर पडला, तो पडलाच. आपण शोधायचं सोडलं, त्याचं नाव घ्यायचंही सोडलं.

त्या पत्त्यावर मी लिहिलं, माझा पत्ता दिला, आणि तेव्हापासून एका जागी बूड टेकत नाही. चहा टाकतो नि विसरतो. खाली गाडी थांबली की खिडकीत. शेजारीण विचारते, आजोबा, पाहुणे यायचेत की मुलगी बघायला निघालात?

पत्र लिहायचं खरं कारण सांगतो. तू इकडे ये. तो आलाच तर मला एकट्याला दार उघडवणार नाही. त्याच्याकडे काही मागायचं असलं की मी नेहमी तुलाच पुढे ढकलायचो. आताही तू पुढे हो, मी मागून येतो आणि

धागा तुटला होता. त्याच अक्षरापासून पुढे लिहितो. दार वाजलं, तू नव्हतीस, म्हणून मीच उघडलं. थोरला नव्हता. चाळिशीची एक बाई होती, हातात माझं पत्र. आणि चेहरा, चिमे, सुई उजेडाकडे धरताना आईचा व्हायचा तसा. उंबऱ्यातूनच म्हणाली, काका, उसवण म्हणजे मी. गोष्ट तिथेच थांबली, कारण माझ्या बाबांना पुढचं आठवत नाही. त्यांना आता प्रवास झेपत नाही, पण एवढं विचारून ये म्हणालेत, धागा ओवून झाला का? मी दारातच त्या अक्षरापासून पुढे म्हणायला लागलो. ती आत उतू गेलेला चहा पुसते आहे. तू बॅग भर.

तुझाच,
भाऊ