न दाबलेला होकार

दि. ९ नोव्हेंबर, दुपार

चि. ठमाबाई,

आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा थंडीने कुरकुरतो. ती स्वतः मात्र कुरकुरत नाही, म्हणजे माझ्यावर चांगलीच रागावली आहे असं समज. फोनवर तुझ्यापुढे माझी जीभ रेटत नाही, म्हणून लिहायला बसलो.

त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा लवकर अंघोळ करून, देवाचं नाव घेऊन कामावर गेलो. दारावर मोबाइल जमा केला, शेजारच्या खुर्चीवरच्या जाड्याने आणलेला चहा प्यायलो आणि पडद्यासमोर बसलो. सॉफ्टवेअर तुमच्या कंपनीचं, तूच त्यात राबलेली. तुला काय सांगायचं? पण ते चालतं कसं, हे तू आमच्या खुर्चीत बसून कधी पाहिलेलं नाहीस. सीमेपलीकडे विमान फिरतं, त्यात माणूस नसतो. सॉफ्टवेअर खालचं चित्र तपासतं आणि ज्यांना मारावं असं त्याला वाटतं त्यांच्याभोवती लाल चौकट काढतं. मग मी ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबायचं. खाली एक पट्टी आखडत जाते. ती संपायच्या आत.

चौकट आली. माळावरून काही माणसं खांद्यावर लांब नळी घेऊन निघाली होती. सॉफ्टवेअर म्हणालं, शस्त्र. मला ती नळी मध्ये लवताना दिसली, पाण्याचा पाइप लवतो तशी. जाड्या वाकून म्हणाला, “हे तर प्लंबर दिसतायत की रे!”

मलाही तसंच वाटलं. पण बोट उचलण्याआधी मी क्षणभर डोळे मिटले. तशी माझी सवयच आहे. हो असो की नाही, कुणाच्या तरी जिवाचा निवाडा करायचा, तर आधी वरच्याच्या कानावर घालावं. जाड्या त्यावरून मला कायम चिडवतो, “देवाला विचारतोस होय? त्याची कुठली शिफ्ट असते?”

डोळे उघडले तेव्हा पट्टी संपली होती.

आधी पट्टी संपली की चौकट पुसली जायची आणि खालचे लोक आपल्या वाटेने जायचे. आता पट्टी संपली की तो होकार. नवी पद्धत त्याच आठवड्यात सुरू झाली होती. आम्हाला बसवून समजावलं होतं, मी मानही हलवली होती. पण इतक्या वर्षांची सवय एका भाषणाने जाते होय? पडद्यावर नुसती धूळ. जाड्याने कपाळाला हात लावला. साहेब धावत आले, “अहो काका, नाही म्हणायचं होतं तर दाबायचं ना!” साहेब वयाने तुझ्याएवढेच आहेत.

ते पाण्याची लाइन दुरुस्त करणारेच होते. त्यांच्यात एक बाई होती.

आता खरं लिहितो. गेल्या वर्षी तू आली होतीस, तेव्हा जेवताना मी तुझ्यापाशी रडगाणं गायलो होतो. आम्ही पन्नाशीला टेकलेले, बोट पोहोचेपर्यंत पट्टी संपते, शत्रू निसटतो आणि साहेब पोरासोरांसमोर झाडतात. तू माझ्या ताटात वाढता वाढता म्हणालीस, “मी बघते काहीतरी, बाबा.” मला वाटलं, लेक आहे, बापाची समजूत काढते. तू खरंच बघितलंस. बापाला बोलणी बसू नयेत म्हणून बापाच्या गप्प राहण्याचाच होकार करून टाकलास. वरच्या साहेबांनी ती कल्पना लगेच उचलली. त्यांना तेच हवं होतं, फक्त सुचवणारं कुणीतरी पाहिजे होतं. मायेपोटी केलंस हे मला कळतं. तेच तर गिळता येत नाही.

आणि परवाचा तुझा फोन. “बाबा, चौकशी समितीला एवढंच सांगा की तुम्ही नीट पाहिलं आणि तुम्हालाही ते शस्त्रच वाटलं. माणसाची चूक म्हटली की विषय मिटतो. सॉफ्टवेअरची निघाली तर माझं सगळं जाईल, ती सोय मीच सुचवली होती. तुम्हाला काय, फार तर घरी बसवतील.” मी फोन कानाला धरून नुसता उभा होतो. तू म्हणालीस, “सांगाल ना? थँक्यू, बाबा,” आणि फोन ठेवलास. अगं, मी काहीच बोललो नव्हतो. माझ्या गप्प राहण्याचा तू दुसऱ्यांदा होकार धरलास.

काल समितीपुढे गेलो. खुर्च्या मऊ, माणसं गोड बोलणारी. पाणी विचारलं. मग म्हणाले, “तुम्हाला ते शस्त्र वाटलं, असंच ना?” मी म्हणालो, “नाही. पाइप वाटला. मी काहीच दाबलं नव्हतं. तुमच्या यंत्राने ते हो धरलं.” त्यांच्यातला एकजण पेन खाली ठेवून म्हणाला, “ही सोय कुणी सुचवली, माहीत आहे?” त्याला वाटलं असेल, गावच्या शाळेत शिकलेल्या माणसाला कुठून माहीत असणार.

मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. तेही माझंच आहे. जेवताना रडगाणं मी गायलो, हेही सांगितलं. सही करून घरी आलो आणि तुझ्या आईला सगळं सांगितलं. तेव्हापासून ती बोललेली नाही.

खाली आशीर्वाद लिहितो आहे. तो घेतलाच पाहिजेस, असं काही नाही.

आशीर्वाद.

तुझं नाव सांगून आलेला,
तुझा बाप