पिन तिघांना ठाऊक होता

इंदूर,
२१ सप्टेंबर

प्रिय अर्पित,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. इथे सगळे बरे आहेत, मीही बरी आहे. काकू फोन सोडून पत्र का लिहायला बसली, असं तुला वाटेल. तुझा नंबर बदलला आहे हे एक कारण. नवा नंबर तुझ्या आईकडून सहज मिळाला असता, पण फोनवर तू ‘जाऊ द्या ना काकू’ म्हणाला असतास आणि मी जाऊ दिलं असतं. दोन वर्षं मी तेच करत आले आहे. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही.

गेल्या महिन्यात देपालपुरला एका साखरपुड्याला गेले होते, तिथे अमितावहिनी भेटल्या. तुझ्या बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता ते काठीशिवाय दुकानात जातात, असं सांगत होत्या. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “ताई, आमचा अर्पित मानसकडून एकदम का निघाला हो? म्हणतो दुसरीकडे नोकरी लागली. इतकंच ना?” मी हो म्हटलं. म्हणजे तू तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाहीस. त्या मला निरोप द्यायला बस स्टँडपर्यंत आल्या, वाटेत सोयाबीनचे भाव आणि तुझी तब्येत असं काय काय बोलत होत्या, आणि मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

घरी आल्यावर मला सारखे तुमचे भंवरकुआंच्या कोचिंग क्लासचे दिवस आठवत राहिले. कोचिंगच्या मेसचं जेवण तुला उतरायचं नाही, म्हणून आमचा मानस तुला रविवारी घरी घेऊन यायचा. भुट्ट्याचा कीस केला की तू कढईतला शेवटचा खरवडून खायचास. हिंदीत भिजलेली तुझी मराठी ऐकून काका हसायचे आणि मग स्वतःच दिवसभर तसं बोलायचे. काका गेले तेव्हा मानसच्या शेवटच्या वर्षाचे पेपर चालू होते. उरलेले पेपर सोडून तो जो घरी बसला, तो वर्षभर उठला नाही. रोज सकाळी येऊन, अंगावरची चादर ओढून त्याला लायब्ररीत नेणारा तूच होतास. मी पुढे जे केलं त्याच्या मुळाशी ते वर्ष होतं. हे मी सफाई देण्यासाठी सांगत नाही, पण तुला ते ठाऊक असलेलं बरं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी जर्मनीत श्टुटगार्टला आले, तुम्ही दोघं एकत्र राहायचात त्या घरी. मानसच्या पीएचडीची शेवटची धावपळ होती, म्हणून मला फिरवायचं काम तुझ्याकडे आलं. त्याने आपल्या दुसऱ्या खात्याचं कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, आई, लागेल तेवढं काढ, हिशेब सांगायचा नाही. कार्ड स्वयंपाकघरात किल्ल्यांच्या खणात राहायचं. मला परक्या देशाच्या बँकेचं यंत्र म्हणजे धसकाच होता. आपल्या इथल्या एटीएममध्येसुद्धा मी मागच्या माणसाला आधी जाऊ देते. तू मला बेकरीशेजारच्या मशिनवर नेलंस. आधी भाषा इंग्रजी करायची, मग पिन, मग हिरवं बटण, पैशांच्या आधी कार्ड बाहेर येतं ते लगेच घ्यायचं, आणि तीनदा पिन चुकला तर मशीन कार्ड गिळून टाकतं. पिन होता ५६११. लक्षात राहायला तू म्हणालास, “काकू, छप्पन दुकानावर अकरा वाजता भेटायचं, बस.” आणि आकडे दाबताना दुसरा हात वर धरायचा, मी शेजारी असलो तरी, असं म्हणून तू तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहिलास. पिन तूच मला पाठ करून दिला होतास, तरी तू तोंड फिरवलंस.

मे महिन्यात अंघोळ करताना मला छातीत गाठ लागली. सुपारीएवढी. तीन दिवस मी ती नाहीच असं समजून वावरले. चौथ्या दिवशी ट्रामच्या थांब्यामागे एका इमारतीवर पाटी होती, तिच्यावरचा शब्द मी तुला विचारला. तू सांगितलंस, बायकांचा डॉक्टर. क्षणभर माझ्याकडे पाहिलंस, मग काही न विचारता टोमॅटोची पिशवी माझ्या हातातून घेतलीस.

मानसचा व्हायवा नऊ दिवसांवर होता. त्याला कळलं असतं तर त्याने सगळं सोडलं असतं, हे मी एकदा पाहिलेलं होतं. माझ्या प्रवासाच्या विम्यात ही तपासणी बसत नव्हती. डॉक्टरकडे कार्डाने पैसे दिले तर त्यांचं नाव मानसच्या फोनवर उमटेल, एवढं मला कळत होतं, कारण दुधाच्या पिशवीचेही पैसे दिले की त्याचा फोन वाजायचा. म्हणून मी रोख द्यायचं ठरवलं. रोख काढलेल्या पैशांना नाव नसतं, असं मला वाटलं. पैसे काढल्याचाही फोन वाजतो हे डोक्यात आलंच नाही.

त्या सकाळी मी एकटी मशिनपुढे उभी राहिले. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा छप्पनच्या जागी पासष्ट दाबलं. पडद्यावर काहीतरी इशारा आला, मागे एक म्हातारे गृहस्थ रांगेत होते, आणि मला वाटलं, आता हे कार्ड गेलं की सगळंच उघडं पडलं. मी डोळे मिटून तुझं वाक्य मनात म्हटलं आणि एकेक बटण सावकाश दाबलं. चारशे युरो आले. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या, इंग्रजीत बोलल्या. सोनोग्राफी झाली, रक्त घेतलं, गाठीतून सुईने नमुना घेतला, आठवड्याने या म्हणाल्या. मी घरी येऊन कुकर लावला.

संध्याकाळी काय झालं ते तुला माहीत आहे. मला काय झालं ते तुला माहीत नाही. मानसने विचारलं, “आई, आज तू पैसे काढलेस का?” त्याच्या आवाजात रागबिग काही नव्हता. मी भाजी चिरत होते. ‘नाही’ असं माझ्या तोंडून निघालं. शाळेत मुलांना तेहतीस वर्षं खोटं बोलू नका म्हणून शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून ते किती सहज निघालं. मग तो म्हणाला, तर कार्डाची कुणीतरी कॉपी केली आहे, उद्या बँकेत तक्रार देतो, मशिनवर कॅमेरा असतो, फोटो मिळेल. माझ्या हातातली सुरी थांबली. तू दारात उभा होतास. तू माझ्याकडे पाहिलंस, माझ्या बाहीखालून दिसणाऱ्या रक्ततपासणीच्या पट्टीकडे पाहिलंस, आणि म्हणालास, “तक्रार नको देऊस. मी काढले. गरज होती, विचारायचं राहून गेलं.”

“मांग लेता ना, यार,” मानस एवढंच बोलला आणि आपल्या खोलीत गेला. तो भांडला असता तर मी तिथेच सगळं ओकून टाकलं असतं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. तू दुसऱ्या दिवशी चारशे युरो टेबलावर ठेवलेस तेव्हाही मी गप्प होते. आठवडाभरात तू खोली सोडलीस, मला नमस्कार करायला वाकलास, आणि माझ्याच्याने तुझ्या डोक्यावर हातसुद्धा नीट ठेवला गेला नाही. तू हळूच विचारलंस, “काकू, रिपोर्ट?” मी म्हटलं, यायचा आहे.

रिपोर्ट वाईट होता, पण वेळेत आला होता. मानसचा व्हायवा उत्तम झाला. मी ठरल्याआधी परत आले, जुलैमध्ये इथे ऑपरेशन झालं, मग केमोथेरपी आणि रेडिएशन. मानस रजा काढून दीड महिना माझ्याजवळ राहिला. गाठ इथे आल्यावर सापडली असंच मी त्याला सांगितलं. आता दर सहा महिन्यांनी दाखवायला जाते, डॉक्टर समाधानी आहेत. व्हायवा संपल्यावर सांगायला मला काहीच अडचण नव्हती. मग ऑपरेशन झाल्यावर, केस परत दाट झाल्यावर, दिवाळीला, दरवेळी मी पुढच्या महिन्यावर ढकललं. आजारापायी लपवलं असं म्हणायला मी मोकळी होते, पण आजार बरा झाला तरी मी गप्पच होते, आणि ते केवळ मुलाच्या नजरेतून उतरायला नको म्हणून. त्यासाठी तुला उतरू दिलं.

मानसचं लग्न ठरलं आहे. मुलगी पलक, इथलीच, तिच्या आजोबांची नोकरी इथल्या गिरणीत होती. जानेवारीतला मुहूर्त आहे. गेल्या रविवारी फोनवर यादी करत होतो. मी म्हटलं, अर्पितचं नाव पहिलं लिहू ना? तो म्हणाला, “नको आई. तुझ्या कार्डावर त्याने चोरी केली, ते मला विसरता येत नाही.” चोरी हा शब्द आमच्या घरात दोन वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. मी वही मिटली आणि त्याला सगळं सांगितलं, सुपारीएवढ्या गाठीपासून दारातल्या तुझ्या वाक्यापर्यंत. त्याने फोन ठेवून दिला. चार दिवस फोन आला नाही. मग मी हे पत्र इथवर लिहिलं आणि आज फोन करून त्यालाच आधी वाचून दाखवलं, कारण त्याच्या माघारी लिहिलेलं आणखी काही मला नको होतं. आमंत्रण मी देत नाही. ते द्यायला तो स्वतः तुझ्या दाराशी येणार आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, नाही उघडलंस तरी मी समजेन. तुझ्या आईला मी उद्या देपालपुरला जाऊन समोर बसून सांगणार आहे. वाचून झाल्यावर मानस म्हणाला, पाठव. मी म्हटलं, पत्ता शोधावा लागेल. तो म्हणाला, लिहून घे. हॅम्बुर्गमधली तुझी गल्ली, घराचा नंबर, मजला, पोस्टाचे पाच आकडे, सगळं त्याने एका दमात सांगितलं. त्याला कुठे बघावं लागलं नाही.

तुझ्यामुळे वेळेत उपचाराला पोचलेली,
तुझीच
वसुंधराकाकू